भेटायला जाऊ नये

२० जानेवारी
ख्रिस्ती मंडळीचं कार्यालय

धाकटे,

तू माझा फोन उचलत नाहीस ते एका अर्थी बरंच आहे. आमचे फोन हल्ली तिसरंच कोणी ऐकतं, आणि नणंद-भावजयीच्या भांडणाची मजा त्यांना फुकट कशाला द्यायची? म्हणून हे पत्र. सिस्टर एक आठवडा तुमच्या शहरातल्या दवाखान्यात असतात आणि एक आठवडा इथे. दर खेपेला मंगळवारी निघतात, पुढच्या मंगळवारी परततात. पत्र त्या तुझ्याच हातात देतील. उत्तर दिलंस तर घेऊन येतील. नाही दिलंस तरी त्यांना बसायला सांग, त्यांचे पाय सुजतात.

आधी कामाचं. भोंग्याला नेलं त्याला आज चौदा आठवडे झाले. पोलीस अजून एकच पाढा वाचताहेत: असा माणूस आमच्या ताब्यात कधी नव्हता. तीन गल्ल्यांपलीकडून ज्याच्या गाडीचा आवाज ऐकू यायचा त्याला कुणी पाहिलंच नाही! नाव मी ठेवलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि रडून शेजार गोळा करायचा. पुढे रुग्णवाहिका चालवायला लागला तेव्हा तू म्हणालीस, ताई, तुमची जीभ काळी आहे. तेव्हा आपण हसलो होतो.

वकीलबाईंनी अर्ज तयार केलाय. माणसाला न्यायालयासमोर उभं करा, एवढीच मागणी. पण अर्जावर बायकोची सही लागते. मी सख्खी बहीण, त्याचं नाक पुसलेली, पण कायद्याच्या लेखी मी कोणी नाही. आणि सही कागदावर शाईनं हवी, फोटो चालत नाही. शिवाय त्याला नेताना पाहिलेल्या माणसाची साक्ष हवी. पाहणारी एकच, शिंपीणबाई, मौलवीसाहेबांची बहीण. तिच्याच माळ्यावर तो अठरा दिवस लपला होता. मुदत सहा मार्चपर्यंत आहे. एकदा वाढवून मिळाली, आता मिळणार नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. जाताना दारात उभी राहून तू सगळ्या गल्लीला ऐकवलंस, शिंपिणीनंच पकडून दिलं, तिच्या नावाशेजारी माझं नाव लागणार नाही. शिंपीणबाई तिकडून म्हणतात, आधी तिनं शब्द मागे घ्यावा, मग साक्ष देईन. तुम्ही दोघी अडून बसल्यात आणि तो कुठल्या खोलीत आहे देव जाणे.

धाकटे, त्यांनी काही केलेलं नाही. त्यांनाही नऊ दिवस आत ठेवलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत, सुई धरता येत नाही. खबर देणाऱ्याची अशी बडदास्त ठेवतात का?

तुला रोज सकाळी ठाण्यावर हजेरी लावावी लागते, शहर सोडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ये म्हणत नाही. कागद सोबत आहे, तेवढी सही कर. पोरीचे पुढचे दात आले का?

ताई

*

३ फेब्रुवारी
कार्यालय, दुपार

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर एक ओळ, 'ताई, तुम्हाला एवढं खात्रीनं कसं ठाऊक?' सहीचा कागद आलाच नाही. तुला वकील व्हायला हवं होतं.

अगं, माणूस ओळखता येतो. अकरा वर्षं ती बाई आपल्या गायकवृंदाचे झगे शिवते आहे, एकाचीही बाही वरखाली नाही. दुसऱ्या धर्माच्या देवळात गाणाऱ्यांसाठी जी इतकं मन लावून शिवते, ती घरात आसरा दिलेल्या माणसाला विकणार नाही. एवढं पुरे नाही का? आणि तिच्याकडे त्याला घेऊन गेले ती मी. माझ्या सांगण्यावरून तिनं माळा रिकामा केला. तिच्यावरचा आळ मला सहन होत नाही.

सर्वधर्मीय समितीचं विचारशील तर आमचं छान चाललंय, म्हणजे काहीच चाललेलं नाही. गेल्या गुरुवारी बैठक झाली. सुरुवातीला पाळकसाहेबांची प्रार्थना, मग मौलवीसाहेबांची, मग भंतेजींची. कोणाची लहान झाली तर त्याच्या धर्माला कमीपणा यायला नको, म्हणून तिघंही घड्याळाकडे बघत सारखा वेळ घेतात. त्यात पाऊण तास गेला. मग निवेदन. आमचा नियम असा की एकेक वाक्य सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. सूतगिरणीच्या फाटकावर धरण्याला बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, इथपर्यंत आम्ही दीड तासात आलो. पुढे अडलं ते मृतांच्या आकड्यावर. बिशपसाहेबांचा निरोप होता की 'अकरा' लिहू नका, 'अनेक' लिहा. सरकार चार म्हणतंय, आपण कशाला भांडण ओढवून घ्यायचं? आदल्या दिवशी कोणी अधिकारी त्यांच्याकडे चहा पिऊन गेला होता.

धाकटे, त्यानं अकरा मोजले होते गं. तीन खेपा केल्या, प्रत्येक खेपेची नोंद गाडीच्या वहीत केली, नाव कळलं नाही तिथे सदऱ्याचा रंग लिहिला. ती वही समितीच्या टेबलावर ठेवताना तो म्हणाला, ताई, चार म्हणणाऱ्यांनी उरलेल्या सातांच्या आयांना जाऊन सांगावं. त्याच्या अकरांसाठी तो गेला आणि आम्ही त्यांचे 'अनेक' केले. मी इतिवृत्त लिहीत होते. मान खाली घालून लिहिलं.

शुक्रवारी पोलीस मुख्यालयासमोर त्याचा फोटो घेऊन तासभर मूक उभं राहणं चालू आहे. पहिल्यांदा दोनशे माणसं होती. गेल्या शुक्रवारी सोळा होतो, त्यातले दोघे साध्या वेशातले. ते एकही शुक्रवार चुकवत नाहीत, म्हणून पाळकसाहेब हल्ली त्यांचीही विचारपूस करतात.

रविवारचं पत्रक मी आता टाइप करत नाही. डोळे दुखतात असं सांगितलंय.

कागद पुन्हा पाठवते आहे. सही कर, माझ्यावर उपकार म्हणून कर.

ताई

*

१७ फेब्रुवारी

धाकटे,

सिस्टर रिकाम्या हातानं आल्या. म्हणाल्या, तिनं वाचलं, घडी घातली, आणि मला म्हणाली, ताईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

इथे काय झालं ते सांगते. मौलवीसाहेबांच्या मनानं घेतलंय की खबर त्यांच्याच लोकांतून फुटली. बहिणीच्या घरी कोण येत-जात होतं याची ते उलटतपासणी घेत होते, आणि शेवटी खापर फुटलं बांग देणाऱ्या म्हाताऱ्यावर. तो रोज त्या गल्लीतून जायचा आणि त्याचा भाचा पोलिसांत आहे, एवढाच पुरावा. तीस वर्षं पहाटे उठणाऱ्या माणसाला त्यांनी कामावरून काढलं. बैठकीत हे सांगताना ते म्हणाले, 'आमच्या घरातली कीड आम्हीच काढायला हवी ना, पाळकसाहेब?' पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भंतेजी म्हणाले, संशय वाईट. मी पाण्याचे पेले भरत होते. दोन भरले आणि तिसऱ्याचं पाणी टेबलावर सांडलं.

काल शिंपीणबाईंकडे गेले होते. झग्याची शिवण उसवली होती, हे निमित्त. त्या डाव्या हातानं शिवायला शिकताहेत. टाके लहान मुलीनं घालावेत तसे पडतात आणि त्या स्वतःच उसवतात. मला म्हणाल्या, 'बाई, तुमच्या भावजयीनं मलाच का धरलं? मी काय कमी केलं त्याचं?'

मी म्हणाले, दुःखात माणूस काहीही बोलतं.

'बोलू दे. पण आता दुकानात कोणी येत नाही. आमचेही येत नाहीत, तुमचेही येत नाहीत.'

मी झगा घेतला आणि निघाले. खरं सांगते, मला जगण्याचाच कंटाळा आला आहे. पण शुक्रवार येतो, फोटो घेऊन उभी राहते, पुन्हा शुक्रवार येतो.

सोबत तिसरा कागद. एवढी हट्टी होऊ नकोस.

ताई

*

३ मार्च
घरी

धाकटे,

याही खेपेला सिस्टरांकडे तुझं काही नव्हतं. बरोबर आहे. प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तू सही करणार नाहीस. तर हे घे उत्तर.

खबर मी दिली.

पोलिसांना नाही. पोलिसांकडे मी मरेन पण जाणार नाही. मी मंडळीला दिली. बावीस वर्षं रविवारचं पत्रक मी टाइप केलं. गाणी, वचन, सूचना, आणि शेवटी 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना'. तुला आठवत असेल, आधी तिथे नुसती नावं असायची. मग एक म्हातारी बाई दवाखान्यात महिनाभर पडून राहिली आणि एकही माणूस भेटायला गेलं नाही, कारण कुठल्या दवाखान्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर मी पाळकसाहेबांशी भांडून नियम करून घेतला की नाव, आजार आणि मुक्काम, तिन्ही लिहायचं. या नियमाचा मला अभिमान होता. लोक खरंच भेटायला जायला लागले. आपल्या मंडळीत एकटं कोणी मेलं नाही.

त्या आठवड्यात भोंग्याला ताप होता. तुला कळवलं नव्हतं, तू पोरीला घेऊन आईकडे होतीस. चार दिवस उतरत नव्हता, डॉक्टरला माळ्यावर नेणं शक्य नव्हतं, शिंपीणबाई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. शनिवारी मी पत्रक करायला बसले आणि आजाऱ्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर त्याला घातलं. त्याचं नाव. 'ताप, चौथा दिवस. मुक्काम: मशिदीमागची गल्ली, शिंपीणबाईंचं घर, वरचा माळा. भेटायला जाऊ नये, फक्त प्रार्थना करावी.'

शेवटचं वाक्य घालून मला वाटलं, मी काळजी घेतली.

ऐंशी प्रती काढल्या. रविवारी पाळकसाहेबांनी यादी आधी न बघताच वाचायला घेतली आणि सातव्या नावावर थबकले. मुक्काम त्यांनी गाळला, नाव मात्र तोंडून गेलं होतं. पण कागद ऐंशी जणांच्या हातात होता. उपासना संपल्यावर ते धावत आले, आम्ही दोघांनी बाकाबाकांवरून प्रती गोळा केल्या. एकाहत्तर मिळाल्या. पाळकसाहेब म्हणाले, त्याला आजच हलवू या. मग म्हणाले, दिवसाउजेडी हलवलं तर गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या पहारेकऱ्याच्या नजरेत येईल, जरा जागा बघू. भंतेजींच्या विहारात विचारायचं ठरलं. समितीत विचारल्याशिवाय भंतेजी होकार देत नाहीत, आणि समिती एकमत झाल्याशिवाय हलत नाही. बैठक मंगळवारी सायंकाळी ठेवली. मंगळवारी सकाळी नऊला पोलीस आले.

मी सवयीनं लिहिलं, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं. हात आपोआप चालला, म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला आणि ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे म्हणाले, नाहीतर समिती मोडेल, मौलवीसाहेब पुन्हा आपल्या दारात पाय ठेवणार नाहीत. पण तुला खरं सांगते. हात आपोआप चालला नव्हता. 'मुक्काम' लिहिताना मी थांबले होते. लिहावं की नाही, असा विचार आला होता. मग म्हटलं, नुसतं नाव लिहिलं तर लोक त्याला डोळ्यांसमोर आणून प्रार्थना करणार नाहीत, वरवर आमेन म्हणतील. ऐंशी माणसांनी त्याचा माळा, त्याची गादी डोळ्यांसमोर आणावी असं मला वाटत होतं. मला तो बरा व्हायला हवा होता. आणि देवळातले सगळे आपलेच, असं मी धरून चालले. कोण आपलं नव्हतं ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित कुणाची प्रत चुकून बाहेर पडली असेल. न मिळालेल्या नऊ प्रती मी अजून शोधते आहे, लोकांच्या घरी गेले की त्यांच्या प्रार्थनापुस्तकांत बघते.

तू दारात उभी राहून शिंपीणबाईंचं नाव घेतलंस तेव्हा मी तुझ्या मागेच होते. माझ्या जिवात जीव आला होता. हे लिहायला मला पंधरा वेळा पेन खाली ठेवावं लागलं.

आता तरी सही कर.

ताई

*

१२ मार्च
कार्यालय

धाकटे,

सिस्टर परवा आल्या. लिफाफ्यात तिन्ही कागद होते, तिन्हींवर सही, आणि शिंपीणबाईंसाठी दोन ओळींची चिठ्ठी. खाली तारीख चार मार्च. म्हणजे माझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी केलीस. घाई केलीस. तुझ्या अक्षरावरून कळतं.

मुदत सहाला संपली. न्यायालयानं अर्ज निकाली काढला: अर्जदार नाही, साक्षीदार नाही. वकीलबाईंनी हात टेकले. नवीन अर्ज घेत नाहीत, कारण पोलिसांचं उत्तर आता कागदावर आलंय की असा माणूस ताब्यात कधी नव्हता, आणि न्यायालयानं ते स्वीकारलं आहे. त्याच्यासाठी जाब विचारायला आता एकही दार उरलेलं नाही. मी वकीलबाईंना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात धरला आणि नाही म्हणाल्या.

तू मला काही लिहिलं नाहीस. पण विचारलं असतंस, तर एकच विचारलं असतंस. तीन मार्चला पत्र लिहिताना तुम्हाला ठाऊक नव्हतं का, की सिस्टर दहाला परततील आणि मुदत सहाला संपते? ठाऊक होतं. सिस्टरांचं वेळापत्रक माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलेलं आहे. वीस जानेवारीला लिहिलं असतं तर सत्तावीसला तुझी सही आली असती. तीन फेब्रुवारीला लिहिलं असतं तरी चाललं असतं. सतराला लिहिलं असतं तरीही. सांगून उपयोग होता तोवर मी सांगितलं नाही. उपयोग संपला आणि मला धीर आला. हे मी मुद्दाम केलं का, याचं उत्तर मला स्वतःलाही देता येत नाही, पण झालं हे असं.

काल मी समितीत उभं राहून सगळं सांगितलं. पाळकसाहेब खाली बघत होते. मौलवीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाळकसाहेबांना म्हणाले, 'म्हाताऱ्याला परत बोलावायला हवं.' मग स्वतःच म्हणाले, 'पण तो तर शहर सोडून गेला.' आणि उठले. समितीचा वार्षिक अहवाल छापायला गेलाय. त्यात लिहिलंय, अज्ञात खबऱ्यामुळे आमचा साक्षीदार पकडला गेला. मी म्हटलं, बदला. भंतेजी म्हणाले, मौलवीसाहेब गेल्यामुळे आता एकमत होऊ शकत नाही, तेव्हा आहे तेच राहील.

तू शिंपीणबाईंसाठी ज्या दोन ओळी लिहिल्यास त्या घेऊन आज सकाळी गेले. आधी त्यांना माझं सांगितलं, मग तुझा कागद दिला. त्यांनी तो वाचला आणि मशीनच्या खणात ठेवला. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

'नऊ दिवस ते मला एकच विचारत होते,' त्या म्हणाल्या. 'त्याला तुझ्याकडे आणलं कोणी? नाव सांग आणि घरी जा.'

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

'मी सांगितलं नाही,' त्या म्हणाल्या. 'म्हटलं, देवळातल्या बाईंचं नाव गेलं तर त्याच्यासाठी बाहेर धावणारं कोणी उरणार नाही.'

मग त्यांनी डाव्या हातानं दोरा ओवायचा प्रयत्न केला. मी ओवून द्यायला पुढे झाले तर सुई बाजूला घेतली. मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी पाठीमागून हाक मारली.

'तुमच्या रविवारी किती माणसांनी म्हटली म्हणालात प्रार्थना?'

'ऐंशी.'

'सोमवारी सकाळी त्याचा ताप उतरला होता. उठून बसला, पोटभर जेवला. म्हणाला, अंगातलं सगळं दुखणं गेलं.'

ताई